अस्वामिविक्रय आणि आपले संग्रह

(१) पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ सालीं उघडली व तीस तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचें नांव देण्यांत आलें. तीच आजची महात्मा फुले मंडई. प्रस्तुत लेखक तिच्या शेजारीं चाळीस वर्षें राहत आला आहे व तितकींच वर्षें पिशवी घेऊन तेथें जात आला आहे. तेथें येणारा मनुष्य शिकलेला असो वा नसो, माल हातांत घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारतोच: कोठला? अंजिरें असलीं तर पुरंदरचीं काय, टोमॅटो असला तर नारायणगांवचा काय, असें तो विचारतो. विकणारी बाई त्या प्रश्नाचा राग मानीत नाहीं. ती उत्तर देते. उत्तर पटलें नाहीं तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्याकडे वळतें.

ह्याच गिऱ्हाइकांपैकीं एखादा पोथ्यांचा किंवा मूर्तींचा संग्राहक असला, तर दोन हजारांची पोथी अथवा दोन लाखांची मूर्ति घेतांना मात्र तो हा प्रश्न गिळून टाकतो. देशोदेशींचीं मोठमोठीं संग्रहालयें कोट्यवधि रुपये मोजतांना तोच प्रश्न गिळतात, हें गेल्या वीस वर्षांत पुरेसें सिद्ध झालें आहे. ह्या मौनाचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. परीक्षणास बाहेरच्यांपासून आरंभ केला तरी शेवट घरांत, किंबहुना लेखकाच्या स्वतःच्या कपाटापाशीं होणार आहे, हें आधींच सांगून ठेवतों.

(२) चोरीच्या मालाची खरेदी हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रास नवीन नाहीं. अठरा व्यवहारपदांत अस्वामिविक्रय हें एक स्वतंत्र पद आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत व त्यावरील मिताक्षरेंत त्याचा विचार आहे. त्याचा सारांश आपल्या विषयापुरता चार कलमांत सांगतां येतो.

पहिलें कलम असें कीं, मालक नसलेल्यानें विकलेली वस्तु खऱ्या मालकास परत मिळते; विकत घेणाऱ्यानें आपलें मोल विकणाऱ्याकडून वसूल करावें. दुसरें असें कीं, खरेदी उघड, भर बाजारांत, लोकांसमक्ष झालेली असावी. एकांतांत, अवेळीं, अतिशय कमी किंमतीस, अथवा ज्याच्यापाशीं अशी वस्तु असण्याचा संभवच नाहीं अशा मनुष्याकडून जो घेतो, तो चोरासारखा दंडास पात्र होतो. तिसरें असें कीं, घेणाऱ्यानें ‘मूल’ दाखवावें, म्हणजे ज्याच्याकडून घेतलें तो मनुष्य उभा करावा. मूल दाखविलें म्हणजे घेणारा शुद्ध ठरतो व वाद विकणाऱ्याशीं चालतो.

चौथें कलम बहुधा कोणी उद्धृत करीत नाहीं. वस्तु हरविली असें म्हणणाऱ्या मालकानेंहि आपली मालकी आगमानें, म्हणजे ती कशी आली हें दाखवून, किंवा उपभोगानें सिद्ध करावी. तसें त्यास करतां आलें नाहीं तर वस्तूच्या किंमतीचा पंचमांश दंड त्यानेंच राजास द्यावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनें दोघेहि तपासले जावयाचे: ज्याच्या हातीं वस्तु सांपडली तो, आणि ज्याच्या हातून ती गेली तोहि. आजच्या चर्चेंत पहिल्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. दुसऱ्याविषयीं आपण गप्प असतों.

(३) आतां उदाहरणें पाहूं. तंजावरच्या भोसल्यांचें सरस्वती महाल ग्रंथालय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांनीं त्यास जें वैभव दिलें त्यामुळें तें दूर कावेरीकांठीं असूनहि मराठी अभ्यासकास आपलेंच वाटतें. तेथील संस्कृत पोथ्यांची बर्नेलकृत सूची १८८० सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे हा संग्रह कोणा अज्ञात देवळाच्या ओवरींतला नव्हे. हिंदुस्थानांतील अत्यंत प्रसिद्ध संग्रहांपैकीं तो एक आहे.

ह्याच संग्रहाशीं संलग्न संग्रहालयांतून ऑक्टोबर २००५ मध्यें एक छापील ग्रंथ नाहींसा झाला. तरंगंबाडी येथें १७१५ सालीं छापलेली, त्सीगेनबाल्ग ह्या जर्मन मिशनऱ्यानें केलेल्या तमिळ नव्या कराराची ती प्रत होती, व तिजवर सरफोजीराजांची सही होती. तक्रार झाली, तपास झाला, आणि शोध लागत नाहीं म्हणून प्रकरण बंद झालें. पुढें तें पुन्हां उघडण्यांत आलें, आणि ती प्रत लंडनमधील एका नामांकित संग्रहांत असल्याचें तामिळनाडूच्या मूर्तिचोरी-विरोधी पोलिस शाखेनें जुलै २०२२ मध्यें जाहीर केलें.

दुसरी वस्तु चित्र आहे. सरफोजीराजे व त्यांचे पुत्र शिवाजीराजे ह्यांचें, १८२२ ते १८२७ च्या सुमाराचें हें चित्र अमेरिकेंतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयानें २००६ सालीं पस्तीस हजार डॉलरांस विकत घेतलें. विकणारा न्यू यॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर. त्यानें चित्राबरोबर दिलेला पूर्वीच्या मालकांचा इतिहास खोटा होता. २०१५ सालीं संग्रहालयानें आपण होऊन चित्र अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हवालीं केलें, हें त्याच्या पदरीं बांधलें पाहिजे. पुढें तामिळनाडूच्या पोलिसांनीं तें सरस्वती महालांतूनच चोरीस गेलेलें असल्याचें सांगितलें.

ह्या दोन्ही वस्तु मुक्या नव्हत्या, हा येथें लक्षांत घेण्यासारखा मुद्दा आहे. एकीवर राजाची सही, दुसरींत राजाचा चेहरा. ‘कोठला?’ ह्या मंडईच्या प्रश्नाचें उत्तर त्या स्वतःच देत होत्या. तंजावरच्या राजाचें चित्र दारावर आलें असतां तंजावरास एक पत्र टाकून पाहावें, एवढें त्या संग्रहालयास सुचण्यास कांहीं विशेष विद्वत्ता लागत नव्हती. विद्वत्ता तेथें भरपूर होती. विचारण्याची इच्छा नव्हती. कारण विचारलें म्हणजे उत्तर येतें, आणि उत्तर आलें म्हणजे वस्तु सोडावी लागते.

(४) ह्याच व्यापाऱ्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें २००८ सालीं सुमारें पन्नास लक्ष डॉलरांस चोलकालीन नटराजाची धातुमूर्ति घेतली. ती तामिळनाडूंतील श्रीपुरंतन गांवच्या देवळांतली होती. हिंदुस्थानचा पुराणवस्तु कायदा १९७२ चा आहे व निर्यातीस त्यानें कडक बंदी केली आहे. म्हणून अशा मालाबरोबर येणारे कागद बहुधा त्याच्या आधींच्याच तारखांचे असतात. ह्या मूर्तीचेहि तसेच होते व ते बनावट निघाले. चोरी सिद्ध झाली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधनसंस्थेनें देवळांतच घेऊन ठेवलेल्या छायाचित्रावरून. सप्टेंबर २०१४ मध्यें मूर्ति परत आली. कपूर ह्यास २०११ सालीं जर्मनींत अटक झाली व नोव्हेंबर २०२२ मध्यें कुंभकोणमच्या न्यायालयानें त्यास दहा वर्षांची शिक्षा दिली.

शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर घेणाऱ्यानें ‘मूल’ दाखविलें, पण तें कागदाचें होतें. मनुष्य उभा केला नाहीं. आणि मालकानें ‘आगम’ सिद्ध केला तो दुसऱ्याच एका संस्थेनें सहज काढून ठेवलेल्या छायाचित्रावर. तें छायाचित्र नसतें तर देव कॅनबेरासच राहिला असता. पंचमांश दंडाचें कलम येथें आठवावें.

(५) येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, परक्यांची ही लबाडी नेहमींचीच. म्हणून घराकडे वळतों. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांतील चक्राच्या चित्रांतून कांहीं आकृति सोलून काढण्याचा डॉ. जेम्स बर्ड ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रयत्न केला, आणि त्या हातांतच चूर्ण झाल्या. हे बर्डसाहेब परकी खरे. पण भिंतींवरचीं मुखें कापून येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांस भेट देणारे तेथील निजाम सरकारचे किरकोळ कामगार कोणी परके नव्हते. अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एक तुकडा आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आहे. तो पाहून हळहळणाऱ्यानें राखणदाराचीहि आठवण ठेवावी. कुंपणानें शेत खाल्लें म्हणजे वाटसरूस दोष देऊन भागत नाहीं.

लूट आणि चोरी ह्यांतला भेदहि येथें सांगून टाकतों. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रांतील देवळांत आल्या; भीमाशंकरास, नाशिकास, मेणवलीस त्या आजहि दिसतात. त्या लुटीच्या आहेत हें खरें. परंतु त्यांवरचा क्रूस अथवा लेख कोणी घासून टाकला नाहीं, आणि घंटा कोठली असें विचारलें तर पुजारी वसईची म्हणून सांगतो. लुटीचा न्याय निराळा. तो राजाराजांनीं करावा. आपला प्रश्न त्याहून लहान व म्हणूनच आपल्या हातचा आहे: मूळ लपविलें जातें कीं सांगितलें जातें?

लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें तीन वर्षांच्या मुदतीनें २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास आलीं, तेव्हां हाच भेद उलट बाजूनें दिसला. हीं नखें ग्रँट डफकडे आलीं अशी परंपरा त्यांबरोबरच्या पेटीवर लिहिलेली आहे. पण तीं शिवाजीमहाराजांनीं वापरलेलींच होत, हें पडताळून पाहतां येत नाहीं, असें खुद्द संग्रहालयच सांगतें. आपल्याकडे मात्र ही शंका बोलून दाखविणाऱ्या इतिहासकारावर राग धरणारे पुष्कळ निघाले. परक्याच्या संग्रहालयास मूळ विचारण्याचा अधिकार आपणांस हवा असेल, तर आपल्याला प्रिय असलेल्या वस्तूचें मूळ विचारलेलेंहि आपण सोसलें पाहिजे.

(६) आतां लेखकाच्या कपाटाकडे. १९९४ च्या उन्हाळ्यांत मंडईमागच्या एका बोळांतील रद्दीच्या दुकानांत मीं चाळीस रुपयांस एक पोथी घेतली. अमरकोशाचें द्वितीय कांड, पत्रें ३४, हातकागद, काळी शाई, समासाच्या दुहेरी तांबड्या रेघा, अक्षर देवनागरी व वळणदार. शेवटीं शके १६९८ दुर्मुखनाम संवत्सर. पहिल्या पत्राचा उजवा कोपरा सरळ रेषेंत कापलेला होता व शेवटच्याहि पत्राचा तसाच. उंदरानें खाल्लेली कड आणि कात्रीनें कापलेली कड ह्यांतला फरक मला तेव्हांहि कळत होता. मीं दुकानदारास कांहीं विचारलें नाहीं. त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. शास्त्रांतलीं बहुतेक सर्व लक्षणें तेथें हजर होतीं: कमी मोल, एकांत, आणि ज्याच्यापाशीं ती असण्याचा संभव नाहीं असा विक्रेता.

घरीं आल्यावर पोथी उलगडली तों सतराव्या पत्राच्या समासांत जांभळा गोल शिक्का, त्यांत एका संस्थेचें नांव व दाखल क्रमांक. पहिल्या व शेवटच्या पानाखेरीज मधल्या एका ठराविक पानावरहि शिक्का मारावा ही ग्रंथालयांची जुनी रीत आहे. कात्री चालविणाऱ्यास ती ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. तरी पुढें तीस वर्षें मीं स्वस्थ राहिलों. ह्या पोथीवरून मुलांस पाठ दिले, तिच्या पाठभेदांचें टांचण केलें, आणि मनाची समजूत अशी घातली कीं, मी नसतों तर ती वाण्याच्या पुडीस गेली असती.

ही समजूत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तींत अर्धें सत्य आहे. राजवाड्यांसारख्यांनीं गांवोगांव हिंडून, मिनतवाऱ्या करून कागद मिळविले नसते तर आज इतिहास लिहावयास साधन उरलें नसतें. परंतु त्यांनीं छापतांना कागद कोठल्या घराण्याचा तें सांगितलें. वांचविणें हें पुण्य आहे. वांचविलेल्याचें गोत्र पुसणें हें त्या पुण्याचें अंग नव्हे. मीं पोथी वांचविली हें खरें असेल, पण तीस वर्षें ती लपविली हें त्याहून खरें आहे.

(७) निवृत्तीनंतर पोथी घेऊन मी त्या संस्थेंत गेलों. संस्थेचें नांव येथें देत नाहीं, कारण दोष एकीचा नाहीं. दाखल-पुस्तकांत क्रमांक मिळाला: अमरकोश, द्वितीय कांड, पत्रें ३४. कोणाकडून आली, केव्हां आली, हे रकाने कोरे. पुढें प्रत्येक तपासणीच्या वर्षीं ‘आहे’ अशी खूण. शेवटची खूण पोथी माझ्या घरीं आल्यानंतर वीस वर्षांनीं केलेली! कपाटांतून त्या क्रमांकाचें बासन काढविलें. सोडलें तों आंत त्याच मापाचीं जुन्या पंचांगाचीं पानें.

पुस्तकाच्या मतें पोथी हरवलेलीच नव्हती. मग ती परत कशी घ्यावयाची? बरीच चर्चा होऊन मला सुचविण्यांत आलें कीं, आपण ही पोथी संस्थेस देणगी म्हणून द्यावी. नवा क्रमांक पडेल, देणगीदारांच्या फलकावर नांव येईल, व जुन्या क्रमांकाचें कोणास विचारण्याचें कारण राहणार नाहीं. सुचविणारे गृहस्थ सालस होते. मला अडचणींत टाकूं नये हाच त्यांचा हेतु होता. मीं नकार दिला. मनूनें अस्वामीचा विक्रयच काय, अस्वामीचें दानहि न केल्यासारखें ठरविलें आहे. जी पोथी माझी नाहीं ती मी दान कशी करावी? आणि ती ज्यांची आहे त्यांनीं ती माझ्याकडून दान कशी घ्यावी?

सेलमच्या संग्रहालयानें खोटा मालकी-इतिहास स्वीकारला; येथें तो मजकडून लिहून घेतला जात होता. फरक मोलाचा होता, जातीचा नव्हता. चोरी करणारा एकदां चोरतो. परंतु कोऱ्या रकान्याचें व ‘आहे’ ह्या खोट्या खुणेचें पुस्तक ती चोरी प्रत्येक तपासणीच्या वर्षीं नव्यानें पचवितें.

(८) नोंद नीट ठेवणें अशक्य असतें तर बोलण्यांत अर्थ नव्हता. पण उदाहरण पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या मंदिरांतील सरकारी संग्रह ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृति पंडितांनीं मुंबई सरकारच्या वतीनें खरेदी केला, व तो १९१८ सालीं डेक्कन कॉलेजांतून तेथें आला. तेथील पोथीचा उल्लेख आजहि ‘अमुक क्रमांक, १८७५-७६ चा’ असा करतात. १८७५-७६ म्हटलें कीं जाणत्यास ब्यूलरांचा काश्मीरचा प्रवास आठवतो. क्रमांकांतच जन्मपत्रिका आहे. दीडशें वर्षांपूर्वीं बैलगाडीनें हिंडणाऱ्यांस जें साधलें तें आपणांस कां साधूं नये?

कायद्यावर विसंबून भागणार नाहीं. १९७२ च्या कायद्यानें पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची पोथी पुराणवस्तूंत मोडते हें खरें. पण सक्तीची नोंदणी लावतांना सचित्र पोथ्याच तेवढ्या धरल्या. चित्र नसलेला अमरकोश, एखादें ज्योतिषाचें टिपण, मोडी बखरीची नक्कल, ह्यांस त्या नोंदणीचें छत्र नाहीं. आपल्या संग्रहांत तर बहुतेक पोथ्या अशाच. म्हणजे त्यांची जन्मपत्रिका आपणच ठेवली तर राहणार.

(९) ह्यास्तव तीन गोष्टी सुचवितों. पहिली, प्रत्येक संस्थेनें व खासगी संग्राहकानें आपल्या सूचींत वस्तु कोणाकडून, केव्हां, कोठें व किती मोलानें आली हे चार रकाने भरावेत. जेथें ठाऊक नसेल तेथें ‘ठाऊक नाहीं’ असें शाईनें लिहावें, कोरें सोडूं नये. दुसरी, प्रत्येक पोथीच्या पहिल्या, मधल्या व शेवटच्या पत्राचें छायाचित्र दुसऱ्या एखाद्या संस्थेंत ठेवावें. श्रीपुरंतनचा देव अशाच छायाचित्रानें घरीं आला. तिसरी व सर्वांत जड अशी, प्रत्येक संस्थेनें आपल्या वार्षिक वृत्तांत नव्या प्राप्तीबरोबर गहाळ वस्तूंचीहि यादी छापावी. हरवल्याचें सांगण्यांत लाज वाटते हें मान्य आहे. पण हरवल्याचें जी संस्था सांगत नाहीं, तीस सांपडल्याचें कोणीहि सांगूं शकत नाहीं, हा माझा अनुभव वर दिलाच आहे.

उपर्युक्त अमरकोश सध्यां मजपाशीं आहे. ती माझी मालमत्ता नसून निक्षेप आहे, असें ह्या लेखानें मी जाहीर करतों. माझ्यामागें माझ्या घरच्यांनींहि तसेंच समजावें. तिचें वर्णन कलम (६) मध्यें दिलें आहे, तें ताडून पाहण्यास ती कोणासहि दाखविली जाईल. ज्या दिवशीं त्या दाखल-पुस्तकांतील ‘आहे’ ह्या खुणेवर तांबड्या शाईची रेघ ओढून ‘गहाळ, परत आली’ असें तारखेनिशीं लिहिलें जाईल, त्याच दिवशीं मी ती नेऊन देईन. पावतीवर माझें नांव देणगीदार म्हणून नको. विकत घेणारा म्हणून असावें, आणि मोल चाळीस रुपये लिहावें.

इत्यलम्.